दोनशे तेरा

माउनच्या विमानतळासमोर, रस्त्याच्या पलीकडे,
पत्र्याचं ऑफिस. ऑक्टोबर.
पंखा ऊनच वाढत होता, जरा पातळ करून.

बाहेर बाकावर आम्ही सातजण.
केप टाउनचा एक, दोघे डच,
एक आयरिश मुलगा, नऊ आठवडे नदीकाठी तंबूत राहणारा,
दर मंगळवारी तोच अर्ज नव्या तारखेनं देणारा.
मी इथलीच. सेहिथ्वाची.
डचांपैकी एकानं विचारलं, साफसफाईला आलीस का?
म्हटलं, लागली तर तीही करीन.

कॅप्टन मोरापेदींनी मान वर न करता खुर्ची दाखवली.
"दुमेला, रा."
"दुमेला, मा. तास किती?"
"दोनशे तेरा."

टेबलावर वर्तमानपत्राच्या पुडीत तीन माग्विन्या, अजून गरम.
ती पुडी मी ओळखते.
कोपरा आत दुमडून वर अंगठ्याचा दाब,
ही फाटकाशी पहाटेपासून कढई मांडून बसणाऱ्या बाईची सवय.
तिचंच आडनाव माझ्या अर्जावर होतं.
मी बोलले नाही.
त्यांनी दोन खाल्ल्या,
आणि उरलेली पुडीसकट ठेवली नेमकी माझ्या अर्जावर.
तेल सावकाश उतरलं
पत्त्यावरून, शाळेवरून,
दोनशे तेरावर येऊन थांबलं.
तिथं कागदातून टेबल दिसू लागलं.

"पाच प्रवासी, त्यांच्या बॅगा,
आठशे मीटर वाळू, पारा चाळीस. काय करशील?"
पाठकोऱ्या कागदावर मी बेरीज केली.
"दोन खेपा."
"मालक म्हणतो एक."
"मग आधी मालकाला काट्यावर उभं करीन."
ते हसले नाहीत.

"दोनशे तेरातले एकटीचे किती?"
"एकाहत्तर."
"म्हणजे एकाहत्तर तास तुला कुणी बघत नव्हतं.
त्यात काय चुकलं तेवढं सांग."

या प्रश्नाचं उत्तर शाळेत घोटून घेतात.
एक लहानशी चूक, एक मोठा धडा, शेवटी स्मित.
माझं तयार होतं, इस्त्रीसकट.
पण तोंडातून निघालं ते दुसरंच:
फ्रान्सिसटाउनहून निघताना उजव्या टाकीचं टोपण तपासलं,
तेवढ्यात फोन आला,
डावं तपासलंच नाही.
सुआच्या मिठावर पोचले
तेव्हा पंखावरून इंधनाची रेघ मागे पळत होती.
काटा पडत होता, खाली सगळं पांढरं,
रस्ता नाही, गुरं नाहीत, सावलीसुद्धा माझीच.
उतरले तेव्हा टोपण साखळीला लोंबत होतं.
मी ते लावलं. डाग बाहीनं पुसला.
नोंदवहीत लिहिलं: हवामान स्वच्छ.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
आईलाही नाही.

त्यांनी पेन उचललं. तेलावर शाई धरेना.
समासात काहीतरी खरडलं.
उलटं वाचणं मला जुनं आहे,
कढईच्या पलीकडे बसून आईचा हिशेब तपासायचे मी.
एकच शब्द होता: टोपण.
त्याच्यापुढे ना हो, ना नाही.

"सोमवारी पाचला ये. पहाटे.
हँगरमध्ये झाडू आहे. कुठे ते तू शोध."
हे काय समजायचं ते मी विचारलं नाही.
पुढचं नाव त्यांनी दारातून हाकारलं होतं.

फाटकाशी आईनंही विचारलं नाही.
"साहेबानं खाल्ल्या?"
"दोन."
"आणि तिसरी?"
"माझ्या अर्जावर आहे."
ती नाणी मोजत राहिली.
मी शेजारी टेकले, तेलाचा डबा पुढे ओढला,
झाकण फिरवलं, घट्ट.
हात काढला.
मग पुन्हा लावून पाहिला.