चार नंबरची हाक

पायसांडूत जुलै म्हणजे हिवाळा.
नदीवर धुकं, पलीकडचा आर्जेन्टिना
सकाळपासून कुणीतरी पुसून टाकलेला.

नेलिदा म्हणते, माऊस मेला.
ओस्मार म्हणतो, तू हात लावलास की मरतो.
बियाणांचं दुकान वडिलांच्या नावाचं,
टेबल एक, खुर्च्या दोन,
पाठीला पाठ लावून.

मी टेबलाखाली, गुडघ्यांवर,
स्क्रू दातांत.
विचारलं एवढंच: मरतो कधी?

बराच वेळ कुणी बोलेना.
मग तीच, हळू:
हा गव्हाचे भाव बघायला मॉडेम लावतो ना,
तेव्हा.

हां.
मॉडेम हाक मारतो चार नंबरवरून.
माऊसही चार नंबरवरूनच.
आत बसलेला एकटा जीव कान देऊन असतो,
पण हाक ओळखू येते ती नंबरानं, आवाजानं नव्हे.
ओ द्यायची कुणाला?
तो एकाला देतो,
दुसरा तिथल्या तिथे गोठतो, बाण अर्ध्या पडद्यावर.

कुणाचं बिघडलंय, ओस्मारनं विचारलं.
कुणाचंच नाही.
(हे वाक्य मी सहसा टाळतो.
दोष सापडला नाही की गिऱ्हाईक
पैसे मोजताना कुरकुरतं.)

कार्ड उपसून काढलं. धूळ, गव्हाचा एक कोंडा,
आणि दोन सुयांवर बसवलेली ती काळी टोपी,
तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी.
बोटं जाड माझी.
नेलिदानं पर्समधून भुवयांचा चिमटा दिला,
ओस्मारनं न सांगता टॉर्च धरला.
टोपी निसटली. तिघं फरशीवर,
डोक्याला डोकं लागेल इतके जवळ,
मक्याच्या पोत्यांमध्ये चाचपडत.
सापडली ती नेलिदाला.
दाखवली मात्र तिनं भावाला आधी.

पाच नंबर रिकामा होता.
साउंड कार्ड नाही इथे,
या दुकानात कुणी गाणी ऐकत नाही.

टोपी पाचवर. झाकण. बटण.
पिवळं उद्गारचिन्ह गेलं.
मॉडेम किंचाळला, खाकरला, लागला,
आणि नेलिदानं माऊस फिरवला:
गोल, गोल, उगाचच गोल.

ओस्मार बघत राहिला.
मग म्हणाला, असे रिकामे नंबर
अजून किती आहेत आत?
मोजून सांगितले. दोन.
त्यानं मान हलवली,
खुर्ची थोडी वळवली,
पूर्ण नाही.

घरी येऊन खिसे रिकामे केले तर
चिमटा माझ्याकडेच.