शब्दशः नोंद

सोमवार म्हणजे पाळकाचा रविवार.
बावीस वर्षं तो मी झोपण्यात घालवला,
पंख्याचा कपॅसिटर बदलण्यात,
नाहीतर कुणाच्या तरी दफनात.
आता घोरपडीहून बिबवेवाडीला जातो,
सेमिनरीत.
डिकीत वही, पोळीभाजी, वाचायचा चष्मा.

"आता शिकून काय करणार, पाळकसाहेब?"
पंचकमिटीतले रणपिसेमामा विचारतात.
"पगार वाढणार का?"
नाही.
"उपदेश तरी आखूड होणार?"
तेही सांगता येत नाही.
"मग?"

वर्गात आम्ही सातजण, केस पिकलेले.
दोघं नगरकडचे, एक बार्शीचे,
आणि येरवड्याच्या तुरुंगात भेटी देणाऱ्या
शीलवंती चक्रनारायण.
बाकांवर बसताना गुडघे वाजतात.
कुणी हसत नाही,
सगळ्यांचेच वाजतात.

मॅडमनी ग्रीक क्रियापदं विचारली नाहीत.
म्हणाल्या, आजाऱ्याची एक भेट लिहून आणा.
शब्दशः.
डावीकडे आजारी माणूस, उजवीकडे तुम्ही.
सारवासारव नको.

मी आणली सरोजिनीबाई आढावांची भेट.
ससून, खाट चौदा.
डावीकडे पाच ओळी.
उजवीकडे अडीच पानं.

शीलवंतीताईंनी डावी बाजू मोठ्यानं वाचली:
"रात्री झोप लागत नाही, साहेब."
(इथे मी स्तोत्र वाचलं होतं.)
"घराची किल्ली कुणाकडं आहे, कळंना."
(इथे प्रार्थना.)
"बरं."
"बरं."
"येता का मग?"

बाहेर माळी पाण्याचा पाइप ओढत होता.
मॅडम एवढंच म्हणाल्या,
"किल्ली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
माझ्याकडे पदवी होती, दीक्षेचा दाखला होता,
तीन मंडळ्यांचे निरोपसमारंभाचे फोटो होते.
किती किल्ल्या मी आमेनखाली
दाबून ठेवल्या असतील,
घरोघरी, खाटेखाटेला,
आणि वर हात जोडून निघालो असेन
पुढच्या भेटीला, वेळेत.

मंगळवारी खाट चौदावर दुसरीच बाई होती.
पोटात धस्स झालं.
नर्स म्हणाली, लेकीनं नेलंय, वानवडीला.

प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. शास्त्र पिशवीतच.
"किल्लीचं काय झालं, बाई?"
त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं.
मग धाकट्यानं किल्ली नेली तिथून सुरुवात केली,
झाडलोट करतो म्हणून नेली,
मग कुलूपच बदललं,
मग नवऱ्याची शिलाई मशीन आत राहिली,
मग ती मशीन कशी घेतली होती, हप्त्यानं,
सत्त्याहत्तर साली...
चहावर साय धरली.
तासाभरानं त्याच म्हणाल्या,
"आता वाचा काहीतरी. लहानसं."

तर रणपिसेमामा,
फीचा दुसरा हप्ता मी भरलाय.

नवी नोंद सोमवारी दिली.
डावी बाजू मागच्या पानावर गेली होती.
उजवीकडे चारच ओळी.
जरा ऐटीतच दिली, खोटं कशाला बोलू.

परत आली.
चारातल्या एका ओळीभोवती
पेन्सिलीचं गोल:
"मला समजतं, बाई."
आणि शेजारी बारीक अक्षरात,
खरंच?