पोटरीवरचा उजेड

पहिल्या नळीला मी भोक वर पाडलं,
कारण ड्रॉइंगमध्ये ते तिथं देखणं दिसत होतं.
दस्तगीरचाचांनी नळी वाइसमध्ये आवळली,
दुसऱ्या टोकाला स्वतः लोंबकळले,
आणि ती भोकापाशीच वाकली.
"वजन वरनं दाबतंय, खालनं ताणतंय," ते म्हणाले,
"कुशीला त्याचा पत्ताच नसतो.
पाडायचंच तर कुशीला पाड, लेकी,
आणि गोल पाड. कोपरा ठेवलास
की चीर तिथनंच चालायला लागते."

उद्यमनगरात त्यांची शेड.
भिंतीला भिंत लावून फौंड्री,
त्यामुळं आमच्या चहाच्या तळाशी
रोज चिमूटभर काळी वाळू.

दिवा नळीच्या आत कशाला?
कारण बाहेरचा दिवा चोरीला जातो.
नाही गेला तर खड्ड्यात सुटून पडतो.
नाही पडला तर सेल संपतात,
आणि पगार सातला होतो.
हे मला ईश्वरा वरुटेनं सांगितलं.
शेजारच्या फौंड्रीत रात्रपाळी त्याची,
बालिंग्याहून साडेनऊला निघतो.
पूल, फुलेवाडी, आणि हंगाम सुरू झाला
की उसाच्या ट्रॉल्या, एकीला एक बांधलेल्या,
दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला,
मागं लाल म्हणून काही नाही.
"त्येंच्या दिव्याचं तुमच्या हातात न्हाई," ईश्वरा म्हणाला.
"माझं काय हुतंय बगा."

झालं ते असं:
पाणी शिरलं.
वायर नळीत खडखडली, दातात खडा आल्यासारखी.
ब्रेझिंगच्या धगीनं चार एलईडी गेले,
मग चाचांनी खडूनं भिंतीवर लिहिलं, आधी आग, मग वायर.
शेवटी सीटच्या नळीत तीन सेल बसले,
मागच्या दांड्यांत लाल रेघ,
आणि स्विच नाही. चाक फिरलं की लागणार.

चाचांचा जावई निसार टेम्पो चालवतो.
मी त्याच्या शेजारी बसले, वही घेऊन.
पुढं अंधारात ईश्वरा.
काय दिसतंय?
"लाल कायतरी."
काय असेल?
"रिक्षा. न्हाईतर पाटी. न्हाईतर कुणाचं तरी दुकान."
मी उजेड दुप्पट केला.
"आता लई लाल," निसार म्हणाला.

असे सहा दिवस. वहीत नुसते मीटर.

सातव्या रात्री पाणी निघायच्या भोकाचं
रबरी बूच कुठंतरी गळून पडलं,
आतला इंडिकेटर, वाटाण्याएवढा, पांढरा,
सांडला थेट ईश्वराच्या उजव्या पोटरीवर.
मी काही विचारायच्या आत निसारनं ब्रेक दाबला.
"माणूस हाय पुढं."
कशावरून?
"पाय हलतोय की."

त्या रात्री मी ड्रॉइंग नव्यानं काढलं.
चूक होती ती भागांच्या यादीत घेतली.
तिला नाव काय द्यायचं?
"गळती," चाचा म्हणाले. तेच लिहिलं.

ईश्वराला मात्र पटेना.
"माझी फाटकी पँट, मळकं पायताण
समद्या रस्त्याला दाखवत जायाचं व्हय?"
त्याला उत्तर माझ्याकडं नव्हतं.
त्याला स्विच हवा होता. मी दिला नाही.
आठवडाभर त्यानं पोटरीला रुमाल बांधला,
पांढरा, आणि तो जास्तच चमकला.

मग दुसऱ्या पायाचा प्रश्न आला.
समोरासमोर दोन भोकं? चाचांनी
माझ्या हातातला ड्रिलच काढून घेतला.
"नळी हाय का बासरी?"
तासभर वाद. पेन्सिल मोडली.
डावं भोक खाली सरकलं.

अजून एकच सायकल आहे तशी.
नऊशे रुपये जास्त पडतात, कोण घेणार.
पण पुलावर कधी मागून आलात
तर बघा: डावी पोटरी
उजवीपेक्षा दोन बोटं खाली उजळते.