सभा क्रमांक एक्केचाळीस

आज तारीख बारा. वेळ दुपारी तीन, म्हणजे सव्वाचार.
हजर सतरा. गैरहजर दोघी:
एकीची सून बाळंत, दुसरीला नवऱ्यानं सोडलं नाही.
(दुसरीपुढं "आजारी" असं लिहिलंय.)

समाजमंदिराला कुलूप होतं. किल्ली तालमीत,
तालमीत पोरं, पोरांच्या डोक्याला टाके.
म्हणून सभा तालमीच्या कट्ट्यावर भरली,
जिथं आजवर एकही बाई टेकली नव्हती.
गोकुळा सातपुतेनं पदरानं धूळ झाडली, म्हणाली,
"बसा गं. दगडच हाय, चावत न्हाई."

विषय पहिला: रविवारची मॅच.
वरच्या गल्लीनं गोल घातला, खालच्या गल्लीनं दगड.
खालच्या गल्लीत हेच उलटं सांगतात.
कोल्हापुरात मॅच हरली तरी चालते,
तालीम हरता कामा नये.
जुलेखा शिकलगारच्या तौफिकला सात टाके,
गोकुळाच्या अनिकेतला चार, आणि एक गुन्हा.
शांतता समितीची बैठक ठाण्यात झाली.
अकरा पांढरे शर्ट, अकरा चहा.
बाई एक होती.
चहा तिनंच आणलेला.

विषय दुसरा: काम बंद.
तळ खालच्या गल्लीत शिवतात, वेणी वरच्या गल्लीत.
गेला आठवडा पिशवी घेऊन कुणी चौक ओलांडेना.
तिकडं ऐंशी जोडांचे तळ भिंतीला टेकून उभे,
इकडं वेण्या परातीत वाळून काटक्या.
चामडं ओलं असेतोवरच ओढावं, मग ते ऐकतं.
हे आम्हाला हातात पाठ आहे,
पोरं वाढवताना कुठं गेलं होतं कोण जाणे.

विषय तिसरा ठरलेला नव्हता.
जुलेखा उठली. चार वर्षांत ती "हजर" सोडून काही बोलली नव्हती.
म्हणाली, "सचिवबाई, कर्जाचं पान काढा."
काढलं. मोठ्यानं वाचलं.
मोटरसायकली चौदा. हप्ते चालू चौदा.
खाली सह्या चौदा आयांच्या;
पाच जागी पहिल्या वर्षी अंगठा होता, आता नाव आहे.
कट्टा गप्प.
मग कुणीतरी हसलं, बहुतेक मीच.
"म्हंजे गाडी आपली हाय की गं!"

ठराव असा:
जो दगड उचलेल, त्याच्या गाडीची किल्ली आईनं काढून घ्यावी
आणि समोरच्या गल्लीतल्या बाईकडं द्यावी.
परत हवी तर त्यानं तिच्या दारात जाऊन मागावी.
चहा घेतल्याशिवाय ती मिळणार नाही.
सूचक जुलेखा, अनुमोदक गोकुळा.
विरोध एक: हौसाबाई. "माझ्या पोराचा काय दोष?"
नोंद घेतली. त्या अजून बोलत नाहीत.

नंतरची नोंद, दुसऱ्या शाईनं:
जुलेखाच्या खिळ्याला सहा किल्ल्या, गोकुळाच्या खिळ्याला पाच.
गोकुळाचा नवरा तीन आठवडे बोलला नाही.
"ही बी शांतताच की," ती म्हणाली.
अनिकेत जुलेखाच्या उंबऱ्याशी उभा राहिला,
बशीतल्या चहावर साय धरेपर्यंत.
तौफिक आतल्या खोलीत, टीव्हीचा आवाज मोठा करून.
कुणीतरी आतून तो आवाज कमी केला.
त्यापुढचं मला माहीत नाही.

शांतता झाली, असं मी कुठंही लिहिलेलं नाही.
ऐंशीतले बावन्न जोड पुरे झाले, एवढंच लिहिलंय.

आमच्याकडं बायाही "आलो, गेलो" म्हणतात.
वहीत मात्र मी "आले, गेले" लिहिते,
बँकेचे साहेब तपासतात म्हणून.
आज लिहिलं, आणि खोडलं.
शेवटची ओळ आता अशी आहे:

सभा संपली. कट्टा झाडला.
अंधार पडल्यावर, दोन्ही गल्ल्यांतनं,
एकटाच चालत घरी आलो.