रकाना क्रमांक सात

गुणवंत कर्मचारी पुरस्कार. अर्ज माझ्याच टेबलावर आला,
झोन ऑफिसात फॉर्म भरणारा मी एकटाच.
नाव : दत्तू यल्लप्पा इप्पलपल्ली. हुद्दा : चावीवाला.
काम : ठरल्या वेळी व्हॉल्व्ह सोडणे, ठरल्या वेळी बंद करणे.
रकाना सात : नेमल्या कामापलीकडे जाण्यामागची प्रेरणा.
खाली दोन ओळी आखलेल्या.

पैसा म्हणावं, तर ओव्हरटाइम दिवाळीपासून थकलाय.
शाबासकी म्हणावं, तर साहेब अजून
‘ए चावी’ अशीच हाक मारतात.
बढती? चावीवाल्याच्या वर चावीवालाच असतो,
फक्त म्हातारा.

म्हणून एका पाळीला गेलो त्याच्यासोबत.
पूर्वभाग, रात्रीचे तीन, पाचव्या दिवसाचं पाणी.
सायकलच्या दांडीला बांधलेली लांब लोखंडी चावी.
ढापा सरकवून तो वाकला, फिरवू लागला
तेलुगूत मोजत, ओकटि, रेंडु, मूडु,
सव्वीस आट्यांनंतर जमीन खोकली.
“सुटलं.”
ड्यूटी इथं संपते. रजिस्टरात तसंच लिहिलंय.

तो मात्र सायकल हातात धरून
पाण्याच्या मागं मागं चालत गेला.
कुठं पाइपाला कान, कुठं नुसताच तळवा.
बंद पडलेल्या मागाच्या शेडपुढे गळती चाचपली,
खिशातून जुनी ट्यूब काढून गुंडाळली, दातानं गाठ मारली.
बोळाच्या टोकाला राजव्वा चिप्पाचं दार.
तिला ऐकू येत नाही,
दिवसभर विड्या वळून मेल्यासारखी झोपते.
त्यानं खिडकीतून काठी आत घातली,
खाटेचा पाय तीनदा हलवला.
दिवा लागला. घागर वाजली.
ती बाहेर आली आणि त्याला शिवी दिली,
उशीर केलास म्हणून.

“तुम्हीपण शेवटच्याच घरात वाढला असाल,” मी म्हणालो.
मनात वाक्य तयार होतं, बरोबर दोन ओळींचं.
“न्हाई वो. आमचं घर टाकीला लागून.
आमच्याकडं पाणी लई. सांडायचं.”
“मग?”
“मग काय?”
तो काडेपेटी शोधू लागला.
पलीकडे कुठंतरी टॉवेलचा एक माग
पहिल्या पाळीआधीच खडखडत होता.

फॉर्म तसाच पाठवला. परत आला, लाल शाईत :
‘रकाना ७ रिक्त. त्रुटीपूर्तता करून सादर करावा.’
मुदत गेली. शाल मुख्य कार्यालयात कुणाला तरी मिळाली.
दत्तूला यातलं काहीच माहीत नाही,
आणि सांगायचं तरी काय?

परवा रविवार. पहाटे साडेतीनला आपसूक जाग आली.
जुळे सोलापुरात त्या दिवशी आम्हाला पाणीच नसतं.
गाडी बाहेर काढली. बायको दारात,
“कुठं? सुट्टी हाय की तुमची.”
म्हटलं, बघून येतो.
“काय?”
मी किक मारत राहिलो.
गाडी गारठलेली, लवकर सुरू होईना.