खालची थंडी

सीताबर्डीच्या दुकानात पोरगा
एकेक स्लीपिंग बॅग झटकून पसरवतो.
ही दहा डिग्रीची, ही शून्याची, ही उणे दहाची.
उणे दहा कुठं असतं रे?
"लडाखले, मॅडम."

मी लडाखला नाही चालले.
रामटेकच्या पुढे, खिंडसीच्या काठाशी
एक मोह आणि एक ऐन
माझा झुला धरायला पुरेसे दूर, पुरेसे जवळ उभे आहेत.
जानेवारीत तिथं पहाटे सात असतं.
मे महिन्यातल्या नागपूरला हे सांगून बघा,
कूलरमध्ये पाणी ओतता ओतता हसेल.

मागल्या खेपेला सगळं अंगावर घेतलं होतं.
दोन स्वेटर, माकडटोपी,
निवृत्तीच्या सत्काराची शालसुद्धा.
पोट ऊबदार, कान ऊबदार,
आणि पाठ
जशी कुणाची तरी, ओल्या फरशीवर विसरलेली.
झुल्याखाली जमीन नसते.
वारा खालून येतो आणि
मणके एकेक करून मोजतो,
आमच्या बँकेत कॅश मोजायचो तसा, दोनदा.

ताजणे पाणपक्षी मोजतात, त्यांनी सांगितलं,
ऊब पिसांत नसते, पिसांत अडकलेल्या हवेत असते.
तुम्ही त्यावर झोपता, ती निघून जाते.
म्हणजे जिथं आपलं वजन पडतं
तिथंच ऊब मरते.
हे मी घरापर्यंत घेऊन आले,
आणि नको ती माणसं आठवायला लागली
म्हणून कुकर लावला.

पोरगा म्हणतो, घालून बघा.
दुकानाच्या मधोमध मी त्या पिशवीत उतरते,
चेन गुडघ्यापाशी अडकते,
एक गिऱ्हाईक चपला हातात घेऊन थांबतं.
झुल्यात, अंधारात, हे जमणार कसं?
मला पायाशी बंद, वर उघडी,
गोधडीसारखी ओढता येणारी हवी.
दहा डिग्रीची द्या, निळी नको.
बाकीची थंडी खालची आहे,
ती तुझ्या दुकानात मिळत नाही.

मोमिनपुऱ्यात जब्बारभाई मन्सुरी
सुई तोंडात धरून ऐकतात.
"गादी झुल्याच्या खालून लटकवाची?
काहून? खाली कोण झोपते?"
कुणी नाही.
"मंग?"
मंग मी हवेचं सांगते, वजनाचं सांगते.
ते सुई काढतात.
"तर मंग कापूस नको. तो ओल धरते, जड होते.
सावरीचा भरतो.
आन् टाके ढिले घालतो. दाबाचं नाही त्याले,
फुगू द्याचं."
चाळीस वर्षं लोकांच्या झोपेखाली काम केलेला माणूस,
मी लॅपटॉपवर तीन रात्री घालवलेल्या.

पैसे?
"थंडी वाजली तं वापस घेऊन जा.
नाही वाजली तं येऊन सांगा."

पहाटे चार. पाण्यावर चक्रवाक कुरकुरतात,
पलीकडे रातवा ठोके देतो.
नाकाचा शेंडा गार, तो असू दे.
मी हात झुल्याच्या काठावरून खाली सोडते,
कापड आणि रजई यांच्या फटीत घालते.
तिथं, जिथं कुणी झोपलेलं नाही,
जिथं माझं काहीच वजन नाही,
नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं
ऊन आहे.

हात तसाच राहू देते.
सोमवारी मोमिनपुऱ्यात जायचंय.