काडेपेटीतले सात

वायंगणातल्या अळसांद्यांवर मावा बसला
तेव्हा मी आधी तो धुळीसारखा झटकला.
बोटं चिकटली, काळी झाली,
आणि मशीनवरच्या पांढऱ्या सॅटिनवर
एक डाग गेला: नेवऱ्याच्या नवरीच्या बाहीवर.

उल्हास दुकानदार म्हणाला,
एक झाकण औषध, पंपभर पाणी, विषय संपला.
विषय संपवायची मला घाईच होती.
पण पंप मंडूरला गेलेला, भाड्यानं.

पिएदादनं कुंपणावरून काडेपेटी दिली.
कानाशी धरली तर आत
कुणी नखानं पुठ्ठा खाजवत होतं.
"सांजेला सोड. आधी पानांवर पाणी मार.
तहानलेलं कोण राहतं गे परक्या घरी?"

मोजून सोडले. सात.
तांबडे, गुळगुळीत, टिचबटणाएवढे,
पाठीवर काळे टाके.
सकाळी एकच उरला होता,
तोही पिएदादच्या वाफ्याकडे तोंड करून.

दहाएक दिवसांनी पानाखाली भलतंच काही दिसलं:
काळपट, काटेरी,
सुसर धुऊन आटली तर होईल तेवढी,
अंगावर नारिंगी ठिगळ.
म्हटलं, एक पीडा कमी होती का?
अंगठ्याच्या नखानं चिरडत गेले,
या वेलीवर, त्या वेलीवर.
ते मोजले नाहीत.

पिएदाद बघत होती. तिनं खुरपं खाली ठेवलं.
"त्यांचीच पोरं ती," म्हणाली.
"तांबडी मागनं होतात."
आणि पाटाचं पाणी वळवायला निघून गेली.

दुपारी गिऱ्हाईक आलं, मी उठले नाही.
शेवटच्या वेलीच्या शेंड्याला एक सापडली होती.
ती एक मावा धरी,
पोकळ करी, टाके,
पुढचा धरी.
माझ्या सावलीची तिला काही पडली नव्हती.

डाग निघालाच नाही.
त्यावर एक मोती शिवला, आणि जोडीला
दुसऱ्या बाहीवरही, उगाच वाटू नये म्हणून.
नवरीला आवडले.

पंप अजून आणलेला नाही.
वांग्यांवर मात्र दुसरे येतात, मळकट, अठ्ठावीस ठिपक्यांचे.
ते पानाची जाळी करतात, त्यांना माफी नाही.
पण आता मी चष्मा लावते,
पान उलटं करते,
आणि अंगठा मुठीत धरून
आधी ठिपके मोजते.